शैलाताईंची शनिवारची शिकवणी

बातमी आली तेव्हा मी इथे परदेशात, क्वेकर्स हिलच्या घरात मास्क शिवत होते. शैलाताईंच्या भाचीचा फोन. "मंगलताई, मावशी गेली. झोपेतच..." मी म्हणाले, "पण उद्या शनिवार आहे." असं कुणी बोलतं का? पण तोंडातून तेच आलं. ताईंचं पेंडल हिल ट्रेनने थोड्याच स्टेशनांवर, पण लॉकडाऊनमध्ये पाच किलोमीटरपलीकडे जायची सोय नव्हती. अंत्यदर्शन फोनवरच घेतलं. त्याला आता काही आठवडे झाले.

ओळख झाली ती ब्लाउजमुळे. पेंडल हिलला एका दुकानाच्या मागच्या खोलीत मी अल्टरेशन करायचे. ताईंनी ब्लाउज उलटा केला, काजं आतून पाहिली आणि विचारलं, "कोणी शिकवलं?" म्हटलं, "वडिलांनी. बार्शीला टेलर होते. आठवीत शाळा सुटली, मग त्यांच्या खांद्यामागे उभी राहून शिकले." "म्हणजे आठवीनंतरही शिकतच होतीस की," म्हणाल्या आणि गेल्या. मला ते वाक्य कितीतरी दिवस पुरलं.

नंतर कळलं, की ताईंचं अर्धं आयुष्य टांझानियात गेलं होतं. तिथे दिव्यांग मुलांचं छोटं केंद्र त्या चालवायच्या. सकाळी हातापायांचे व्यायाम, दुपारी शिवण, सुतारकाम, पोटापाण्याचं काहीतरी. "हात बरा करायचा तो कशासाठी ग? कामासाठीच ना," म्हणायच्या. भाचीकडे थोड्या दिवसांसाठी आल्या आणि विमानं बंद झाली. तिकडची शिवण शिकवणारी बाईही गावी निघून गेली. मग ताईंनी मला धरलं. "शनिवारी आर्व्होला मोकळी असतेस ना, दुपारभर? नीमाला काजं शिकव."

नीमा त्या केंद्रातली, पंधरा-सोळा वर्षांची, उजवा हात जन्मापासून आखडलेला. तिथल्या एका टेलरने शब्द दिला होता, काजं नीट यायला लागली तर दुकानात घेईन. नाहीतर तिने घरीच बसायचं. हे ऐकल्यापासून माझी झोप उडाली. मला इंग्रजीच धड येत नाही, स्वाहिली तर सोडाच. एका पोरीचं पोट माझ्या शिकवण्यावर? पण ताई व्हिडिओ कॉलवर मधे बसायच्या, माझं तिला सांगायच्या, तिचं मला. मला टीचर म्हणायच्या. मला, आठवीवालीला...

पहिल्या शनिवारी मी फोन माझ्या खांद्यामागे उभा केला. शिकणाऱ्याने मास्तरच्या पाठीमागून बघायचं, हीच आमची रीत. नीमाचा दोरा सारखा गुंतायचा. शेवटी तिने कापड खाली ठेवलं. ताई म्हणाल्या, "मंगल, तिच्यासमोर बस."

"अहो, तिला सगळं उलटं दिसेल."

"उलटंच हवंय. आरशात बघतो तसं बघू दे."

बसले समोर. माझ्या उजव्या हातासमोर तिचा डावा आला. तिने डाव्या हातात सुई धरली आणि माझ्याबरोबर टाका घातला, पहिल्यांदाच न गुंतता. आखडलेल्या हातालाही ताईंनी सुट्टी दिली नाही. त्याने कापड दाबून धरायचं. त्यानंतर प्रत्येक शनिवारी काज थोडं थोडं सरळ होत गेलं.

ताई गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फोन हातात घेऊन बसून राहिले. आता मधे बोलणार कोण? तिला कुणी सांगितलं असेल का? आणि नसेल, तर मी कोणत्या भाषेत सांगू? माझी मुलगी म्हणाली, "आई, जस्ट कॉल हर." हिला काय जातंय बोलायला. तरी लावला. नीमाचे डोळे सुजलेले होते. म्हणजे कळलं होतं.

तिने कापड उचललं, मग मीही उचललं. टेलर अजून थांबलाय का, दुकान तरी चालू आहे का, काहीच विचारता येईना. माझे टाके वेडेवाकडे पडत होते, तरी मी पुढे रेटत होते. नीमाने खूण केली, जवळ आण. माझं काज निरखून पाहिलं आणि म्हणाली, "उसव."

स्वच्छ मराठीत. काम चुकलं की ताई कधी ओरडायच्या नाहीत, एवढंच म्हणायच्या. तिथल्या पोरांना हा शब्द शिवणकामाचाच वाटत असणार, कुठल्या देशातला याची त्यांना काय फिकीर...

मी कात्रीचं टोक घातलं आणि पहिल्या टाक्यापासून उसवायला लागले. नीमा थांबली होती.