नाशिकच्या तरुणाची झेप
ताज्या वर्तमानपत्राच्या शाईचा वास आला की माझं डोकं अजूनही सणकतं. शाळेत शिकवणारी माझी मैत्रीण पॅराशूट बांधून विमानातून उडी मारायला शिकली होती. अशा उड्यांचे फोटो मी काढते, म्हणून तिच्या पंचविसाव्या उडीला मीही हेल्मेटवर कॅमेरा बांधून तिच्यासोबत उडी घेतली. कानात वारा गरजत होता, खाली धरणाचं पाणी लखलखत होतं आणि ती हात पसरून माझ्यासमोर तरंगत होती. तो फोटो मी तिच्या नावासकट नाशिकच्या एका दैनिकाला पाठवला. रविवारी तो पहिल्या पानावर आला. वर मथळा होता, ‘नाशिकच्या तरुणाची झेप!’ तिचं नाव कुठेच नव्हतं. तिच्या आईला वाचता येत नव्हतं. फोटो ओळखून ती माउली कॉलनीत घरोघरी अंक दाखवत फिरली, तेव्हा शेजारीण म्हणाली, “मावशी, यात तर पोरगं लिहिलंय.” मी तडक कार्यालय गाठलं. उपसंपादक चहा पीत म्हणाले, “मॅडम, हेल्मेटमध्ये बाई की माणूस कुठे कळतं?” मी म्हटलं, “नाव पाठवलं होतं ना?” ते हसले. “आम्हाला वाटलं, चुकून बाईचं पडलं.” मी अंक त्यांच्या टेबलावर आपटला आणि त्याच पानावर दुरुस्ती मागितली. चार दिवसांनी आतल्या पानात, निविदांच्या खाली एक ओळ आली, ‘तरुणाऐवजी तरुणी असे वाचावे.’ नाव त्यातही नव्हतं. आता मी फोटो पाठवते तेव्हा उडी मारणारीचं नाव फोटोच्या मधोमधच टाकते. “फोटो खराब होतो,” असं दैनिकवाले म्हणतात. होऊ दे.