मामींच्या मांडीवरची डिझेलची कॅन

माझ्या सासऱ्यांनी मला डिझेल पाजलंय.

तेही मानानं. आधी पाय धुवायला पाणी, मग बसायला पाट, मग हातात पाईप.

आज मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जाऊन वर्ष झालं. चार चांगल्या ओळी लिहाव्या म्हणून बसलो, तर जिभेवर पहिली तीच चव आली.

मामाजी सिंदेवाहीजवळच्या एका गावचे. जन्मभर मासेमारी संस्थेची पिकअप चालवली. तलावातली मासोळी चंद्रपूरच्या बाजारात टाकायची, रिकाम्या क्रेट घेऊन परत यायचं.

संस्थेनं गाडी भंगारात काढली, तेव्हा यांनीच ती घेऊन अंगणात उभी केली. तिच्यावर दोडक्याचा वेल चढला. सीटखाली कोंबडी खुडूक बसायची.

सगळ्यांनी सांगून पाहिलं, विका. ऐकतील तर ते मामाजी कसले!

कारण मामींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, दिलेला शब्द.

मामी याच गाडीतून नवरी होऊन आल्या. नवरदेव स्वतःच ड्रायव्हर. शेजारच्या सीटवर त्याचे मोठे भाऊ. आता भासऱ्याच्या मांडीला मांडी लावून नवी सून बसणार कशी?

म्हणून नवरी मागे. क्रेटांमध्ये. वैनगंगेच्या पलीकडून थेट सासरपर्यंत मासोळीच्या वासात.

उतरल्या उतरल्या मामी म्हणाल्या होत्या, "याच गाडीत पुढं बसवून मले माहेरी न्यायचं. नाईतर मी बोलनारच नाई."

मामाजी हो म्हणाले. मामी बोलायला लागल्या, आणि मग कधी थांबल्याच नाहीत. पण पुढच्या सीटवर कायम कोणीतरी असायचं. कधी संस्थेचे अध्यक्ष, कधी बर्फाची लादी.

मग एक दिवस डॉक्टरांनी मामाजींना सांगितलं, हृदय थकलंय, आता जपा.

मामाजी दवाखान्यातून आले आणि सरळ गाडीचं बॉनेट उघडलं.

मला चंद्रपूरला फोन. "जवाईबुवा, मोबाईलचं दुकान बंद करा अन् या. जायच्या आधी गाडी चालू करून राह्यलो."

मला वाटलं, वरचंच बोलावणं आलं. "कुठी जायचं आहे मामाजी?"

"सासुरवाडीले! अजून कुठी?"

इंजिन ठीक होतं. डिझेलचा रस्ताच मेला होता. टाकीची गंजून चाळणी झालेली, पाईप उंदरांनी खाल्लेले, फिल्टरचं भांडं फुटलेलं. जुन्या मॉडेलचे पार्ट कुठेच मिळेनात.

मग काय, जुगाड.

फिल्टर काढला धानाला पाणी देणाऱ्या इंजिनचा. तो गाडीला बसेना, तर लेथवाल्याकडून मधला जोड करून आणला. पाईप फवारणी पंपाचा. टाकीच्या जागी प्लास्टिकची कॅन.

गाडीचा पंप मात्र दमलेला. खालून डिझेल ओढेचना.

"त्याच्यात अन् माह्यात फरक नाई," मामाजी म्हणाले. "दोघायलेबी चढ जमत नाई. कॅनच वर ठेवा."

म्हणजे डिझेल आपल्या वजनानं खाली उतरेल. पण सुरुवातीला पाईपला तोंड लावून कोणीतरी ओढायला हवं. मामाजींना दात नव्हते, आणि डॉक्टरांनी जोर लावायला मनाई केलेली.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मामाजींनी आणि कोंबडीनं.

मी ओढलं. जरा जास्तच ओढलं.

मामी धावत आल्या. "जवाईले डिझेल पाजता? लोक काय म्हनतीन!"

"जवाईले गूळ दे," मामाजी म्हणाले. त्यांचे डोळे पाईपवरच होते.

पाईपमधली सगळी हवा निघाली आणि गाडी धडधडत चालू झाली. अख्खं अंगण धुरानं भरलं. मामाजी लहान पोरासारखे टाळ्या पिटत होते.

मामी हिरवं लुगडं नेसून, अंबाड्यात फूल माळून आल्या. मामाजींनी पुढचं दार उघडलं.

सीटवर कॅन. दोरीनं करकचून बांधलेली.

"मंग मी कुठी बसू?"

इतके दिवस आम्ही दोघं खपलो, आणि ज्या सीटसाठी हा सगळा खटाटोप, तिच्यावरच कॅन बसवली होती!

मामाजी म्हणाले, "माग..." आणि तिथंच जीभ चावली. तेवढी अक्कल होती.

मामींनी दोरी सोडली, आत बसल्या, कॅन मांडीवर घेतली. "नातवंडं धरली. हेबी धरीन. चला."

जवाई मागे. क्रेटांच्या जागी.

रस्त्यात एक शोध लागला. मांडीवर कॅन असली की गाडी मस्त चालायची. मामींनी ती पायाशी उतरवली की इंजिन आचके द्यायचं.

झालं! मामाजींनी जरा पळवली की मामींची कॅन खाली. "हळू चालवता का नाई?"

वैनगंगेच्या पुलापलीकडे पोलिसांनी अडवलं. गडचिरोलीत दारूबंदी, आणि बाईच्या मांडीवर कॅन. "काय आहे यात?"

मामींनी झाकण उघडलं. "हुंगा, साहेब. नाईतर मागं जवाई हायेत, त्यायले विचारा. त्यायनं पेलं आहे."

साहेब हसून हसून बेजार. सोडलं.

माहेरी पोचलो. मामींचे भाऊ, भावजया, सगळे बाहेर आले. मामी काही उतरेनात.

"उतर ना," मामाजी म्हणाले.

"थांबा जरा. सगळ्यायले पाहू द्या."

मामाजी स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. इतका सुखी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यानंतर काही महिन्यांतच ते गेले.

आता गाडी मी चालवतो. नवी टाकी खाली बसवली, पंपही नवा. आज वर्षश्राद्ध झालं आणि मामींना घेऊन त्यांच्या माहेरी आलो. मामी पुढे, मांडीवर तीच कॅन. रिकामी.

वाटेत मी जरा वेग घेतला.

मामींनी कॅन पायाशी उतरवली.

गाडीला आता त्यानं काहीच होत नाही. तरी मी हळू केली.

मामाजी, पोचलो हो आम्ही. या जवाईचा तुम्हाला मनापासून नमस्कार.