कोनाड्यातलं लिंबू

परवा फोनवर तुम्ही मला लिंबाचे उपयोग विचारलेत. तुमच्याकडे लिंबाचा रस बाटलीतून येतो, त्यामुळे सालीचं काय करायचं असतं हे तुम्हाला कुठून ठाऊक असणार? आमच्या बेळगावच्या घरी एकदा पिळलं म्हणून लिंबाची सुटका होत नसे. रस सरबताला, पिळलेली फोड मीठ लावून तांब्याच्या घंगाळाला, आणि त्यातूनही उरलीच तर आईच्या कोपरांना. घंगाळ आणि कोपरं, दोन्ही लखलखत.

आजीकडे आणखी एक उपयोग होता, दृष्ट काढण्याचा. लिंबू माणसावरून उतरवलं की लागलेली नजर त्यात ओढली जाते, असं ती म्हणे. मग ते तिन्हीसांजेला तिकटीवर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथं, टाकायचं आणि मागं न बघता परतायचं. माझे वडील, आप्पा, वकील होते. ते हसायचे. लिंबाचा खरा महिमा इंग्रजी आरमाराला कळला, असं त्यांचं मत. बोटीवर महिनोन्‌महिने राहून खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, ते या रसानं थांबलं.

"तिथं कुणी तिकटी शोधत बसलं न्हाय," ते आजीला ऐकवत.

"समुद्रात तिकटी असती व्हय रं?" आजी विचारी.

माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, दोन ठिकाणांहून नकार आले होते. आता निपाणीहून तिसरा मुलगा बघायला येणार होता. यानंही नाही म्हटलं तर पुन्हा कुणापुढं पाटावर बसणार नाही, असं आक्कानं सांगून टाकलं होतं. म्हणून त्या सकाळी आजीनं एक टपोरं लिंबू तिच्यावरून उतरवलं आणि संध्याकाळपर्यंत कोनाड्यात ठेवलं.

सरबत नेहमी आप्पाच करत. बायकांना प्रमाण कळत नाही, हा त्यांचा दावा. एका पेल्याला एक लिंबू, तेही आधी तळहाताखाली दाबून फिरवलेलं, म्हणजे रस जास्त सुटतो. पाहुणे तीन आणि टोपलीत लिंबं दोनच. बाकीची आईनं घंगाळावर खर्चली होती. आप्पांची नजर कोनाड्याकडे गेली. तेच लिंबू सगळ्यांत रसाळ निघालं, म्हणून तो पेला खास मुलाला.

मुलानं अर्धा पेला संपवला आणि आजीला कोनाडा रिकामा दिसला. तिनं आप्पांना माजघरात बोलावलं.

"अरं, हितलं लिंबू कुठाय?"

"सरबतात. का?"

"पोरीची दृष्ट हुती की त्यात!"

आप्पांचा चेहरा उतरला. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आई, ह्यावर काही उतारा असतो का गं?"

"आरमाराला इचार की."

तेवढ्यात बाहेरून निरोप आला, मुलगा आणखी एक पेला मागतोय. शेजारच्या झाडाचं लिंबू आणून आप्पांनी स्वतः सरबत केलं. मुलानं घोट घेतला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "पहिल्याची चव काही वेगळीच होती."

निपाणीहून होकार आला. पुढं भावजी कधी रुसून बसले की आक्का म्हणायची, "माझी सगळी दृष्ट तुम्ही पिऊन बसलाय. आता मला कुणाची लागायची?" आणि भावजी हसत सुटत.

आप्पा नंतरही आजीला आरमाराच्या गोष्टी सांगत राहिले. फक्त लिंबू चिरण्याआधी स्वयंपाकघरातून हाक येई, "आई, हे घेऊ का गं?"