टचपॅडवरचा हात

सिन्नरची माणसं मला बघायला येणार होती, त्या सकाळी आईने एकच विनवणी केली, "कॉम्प्युटरचा विषय काढू नकोस." तिचंही बरोबर होतं. आधीची दोन-चार स्थळं मी त्याच विषयावर घालवली होती. एकजण तर चोरून उतरवलेलं सॉफ्टवेअर वापरायचा आणि आम्हाला प्रामाणिकपणावर ऐकवायचा. त्याला मी पोह्यांवर लिंबूसुद्धा दिलं नाही.

मी घरूनच प्रोग्रॅम लिहिते. लॅपटॉपवर फुकटची लिनक्स प्रणाली, आणि प्रोग्रॅम लिहायचा एडिटर असा की त्यात ना मेनू, ना माउस. लिहायला घेतलं की अक्षरं उमटतात. कोपऱ्यातलं एस्केपचं बटण दाबलं की तीच बटणं हुकूम होतात. ओळ उडव, खाली जा, जतन कर. कीबोर्डवरून बोटं उचलणं हे आमच्या पंथात पाप. बाबांनी टचपॅडला, म्हणजे लॅपटॉपच्या बोटाने फिरवायच्या माउसला, हात लावला की मी फटका मारते. ते आता माझ्या टेबलापाशी हात मागे बांधूनच येतात. ओपन सोर्स म्हणजे सॉफ्टवेअर जगाला फुकट वाटायचं आणि वापरणाऱ्याला अडाणी म्हणायचं, असा आमचा सेवाभाव.

मुलगा सिन्नरच्याच एका कारखान्यात यंत्रांचे प्रोग्रॅम लिहायचा. पोहे झाले, हवापाणी झालं, मग कुणीतरी नेहमीचं म्हणालं, "जा, दोघं जरा बोला." माझ्या खोलीत आल्यावर त्याने टेबलाकडे बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "एडिटर कोणता वापरता?"

अगं बाई. इतरांनी आजवर स्वयंपाक विचारला होता, पगार विचारला होता. सरळ सांगते, तो मला तिथेच आवडला. हे जमावं असं मला पहिल्यांदा वाटलं.

त्याचा एडिटर माउसवाला निघाला. "तोही ओपन सोर्सच आहे की," तो म्हणाला.

"आहे, पण मोठ्या कंपनीच्या पदराखालचा."

"आणि तुमच्या एडिटरमधून बाहेर कसं पडायचं हे शोधायला माणसाला रजा टाकावी लागते."

भांडलो, हसलो. माझ्या एडिटरची सगळी सेटिंग मी इंटरनेटवर मोकळी ठेवली आहे, कुणीही घ्यावी, बदलावी, सुधारून परत पाठवावी, हेही मी ऐटीत सांगून टाकलं. आमचं हसणं हॉलमध्ये ऐकू गेलं आणि आईने पेढ्यांचा बॉक्स उघडला, हे मला नंतर कळलं.

"बघू तर," म्हणून तो माझ्या खुर्चीत बसला. एक ओळ लिहिली. मी म्हटलं, "आता एस्केप दाबा आणि उडवा." त्याने दाबलं. काही होईना. पुन्हा दाबलं. एडिटर ढिम्म. सकाळी मी मराठीत टाइप करत होते, कीबोर्ड मराठीवरच राहिला होता, आणि एडिटरला मराठी हुकूम कळत नाहीत. हे माझ्या डोक्यात येईपर्यंत त्याचा हात टचपॅडकडे गेला, आणि माझा फटका बसला. सवयच ती. चांगला सणसणीत बसला.

नेमकी तेव्हाच त्याची आई खोली बघायला दारात आली होती.

हॉलमध्ये ती हळू आवाजात बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "पोरगी शिकलेली हाय, पण आत्तापासूनच हात उगारती. आपल्याला नाय झेपायचं." मी त्याच्याकडे बघत राहिले. एक वाक्य बोलायचं होतं त्याने. तो खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधत बसला. बांधलेल्या सोडून परत बांधल्या. पुढे मध्यस्थ मावशींकडून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका कुणी मागितलीच नव्हती.

काही महिन्यांनी माझ्या त्या मोकळ्या सेटिंगमध्ये एक सुधारणा आली. पाठवणारा तोच. एस्केप दाबलं की कीबोर्ड आपोआप इंग्रजीवर यावा, लिहायला घेतलं की परत मराठीवर. सोबत इंग्रजीत खुलासा होता, "कीबोर्ड मराठीवर राहिल्यास हुकूम चालत नाहीत. वापरणाऱ्याचा हात नाइलाजाने टचपॅडकडे जातो. यात दोष वापरणाऱ्याचा नाही, फटका मारणारीचाही नाही."

असा संताप आला मला. रडूही आलं. मेल्या, हेच त्या दिवशी हॉलमध्ये तुझ्या आईला सांगायला काय झालं होतं? परक्या मुलखातल्या, कधी न भेटणाऱ्या लोकांनी वाचावं म्हणून किती नीट लिहिलं होतंस.

सुधारणेत खोट काढायला मी दुपारभर बसले. एकही सापडली नाही. आमच्यात माणूस बघत नाहीत, काम बघतात, असं मीच चारचौघांत सांगत असते. स्वीकारली. आता दिवसभर एस्केप दाबते आणि प्रत्येक वेळी ती चालते. बाबा अजून हात मागे बांधूनच येतात, आणि माझ्या टचपॅडकडे जाणारा दुसरा हात घरात नाही.