आबांची फिरती मान

आबांची मान कधी स्वस्थ बसली नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा डावीकडे, उजवीकडे आणि वर मांडवाकडे बघून मगच ते घास उचलायचे. वाढणाऱ्या बायकांना वाटायचं, पाहुण्यांना काहीतरी कमी पडलंय. त्या बिचाऱ्या पुन्हा जिलेबी घेऊन यायच्या. आबा नको म्हणायचे नाहीत.

नव्वदच्या दशकात बारामतीच्या धावपट्टीवर आम्हाला विमान चालवायला शिकवणारे हे आबा मूळचे निरवांगीचे. हवाई दलातून निवृत्त झाले, पण बोली गावचीच ठेवली. आभाळात दोन विमानांची टक्कर होऊ नये, एवढ्या एका गोष्टीत त्यांचा सगळा जीव. "रेडिओवर कुणीबी कायबी बोलंल," म्हणायचे, "तू मान फिरव. मान फिरवायला काय पेट्रोल लागतंय व्हय?"

आम्हा शिकाऊंचा एक गाढवपणा ठरलेला. वाट चुकायला नको म्हणून जो तो भवानीनगरच्या साखर कारखान्याची चिमणी गाठायचा, तीही एकाच उंचीवर. आबा कपाळाला हात लावायचे. "एवढं आभाळ मोकळं पडलंय, आन् समदी त्या चिमणीलाच प्रदक्षिणा घालताय! देऊळ हाय का ते?"

मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून धावपट्टीवर जायचे. ती स्कूटर त्यांनी कधी कुणाच्या हाती दिली नाही. आडव्या रस्त्याने उसाचा ट्रॅक्टर येताना दिसला की धडा सुरू. "बघ पोरी. जे नजरंसमोर सरकतंय, त्ये निघून जातंय. जे एकाच जागी ऱ्हाऊन मोठं हुतंय, त्ये तुझ्याकडंच येतंय." धडा संपेपर्यंत ट्रॅक्टर पुढ्यात आणि माझा जीव मुठीत!

पहिल्यांदा एकटी लांब गेले, तेव्हा मीही अर्थातच सरळ चिमणीकडे निघाले. समोरच्या काचेवर माशीएवढा ठिपका दिसला. मी शहाणीने रुमाल काढून काच पुसली. ठिपका जाईना. जागचा हलेना. मग मोठा व्हायला लागला. अगं बाई! मी विमान झटकन उजवीकडे वळवलं आणि समोरचं विमान माझ्या डाव्या अंगाने अगदी जवळून निघून गेलं. आत एक नवा शिकाऊ होता आणि शेजारी आबा. मान फिरवत होते.

उतरल्यावर त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "चिमणीपाशी कुणी दिसलं का गं?"

मी म्हणाले, "आबा, तुम्हीच दिसलात की!"

मला वाटलं, हसतील. ते मटकन खाली बसले. "म्या तर तितंच बघत हुतो," म्हणाले. "वरीसभर डोळं दगा देत्यात पोरी. म्हणून मान जास्तच फिरवत हुतो."

मग उठून सरळ विमानशाळेच्या साहेबांच्या खोलीत गेले आणि यापुढे आपण विमानात बसणार नाही, असं स्वतःच्या हाताने लिहून दिलं. मला रडू आवरेना. त्यांना कुणी जा म्हटलं नव्हतं.

बाहेर येऊन त्यांनी स्कूटरची किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः मागे बसले. फाटकाशी मी थांबले.

"डावीकडं बघ, उजवीकडं बघ," आबा मागून म्हणाले. "आन् आता माझ्या वाटचंबी तूच बघत जा."