मामाने हार घातलेला टेम्पो

गरम डांबराचा वास आला की मला मामा आठवतो. धाड गावच्या बाजारात आपल्या शेतातले टमाटे विकणाऱ्या मामाने गावच्या रस्त्यासाठी चपला झिजवल्या. माल थेट नाशिकला जाईल, म्हणायचा. रस्ता झाला, पहिला टेम्पो आला. मामाने नारळ फोडून टेम्पोला हार घातला, मी टाळ्या वाजवल्या. मला तेवढंच जमतं. "आमचा माल नेशीन ना बे?" मामाने ड्रायव्हरला विचारलं. "मी विकायला आलोय, काका," म्हणत त्याने मागचं फाळकं उघडलं. आत नाशिकचे लालबुंद, स्वस्त टमाटे. संध्याकाळी मामाची टोपली भरलेलीच परतली. "काऊन हो, तो हार तरी वापस आनायचा होता!" मामी म्हणाली. मामा हसला, पण पुन्हा त्याने टमाटे लावले नाहीत. आता त्याच रस्त्याने मी गाडीतून झटक्यात पोहोचतो. मामाच्या माघारी एकटी राहणारी मामी माझ्यासाठी टमाटे चिरते. ते कुठले, हे मी विचारत नाही.