बुलेटची बोटं

ऑफिसात त्याला बुलेट म्हणत, आणि हे नाव त्याने स्वतःच पाडून घेतलं होतं. भाषांतराच्या त्या ऑफिसात बाकीचे टायपिस्ट नुसते टाईप करत. हा कीबोर्डवर उधळायचा. पत्र असो, तक्ता असो की ईमेल, प्रत्येक प्रोग्रॅममधले शॉर्टकट बदलून त्याने आपल्या बोटांच्या सोयीने एकसारखे करून घेतले होते. कंट्रोल आणि क्यू दाबलं की ठरलेला शेवटचा परिच्छेद सहीच्या जागेसकट आपोआप उमटायचा. माऊस त्याने खणात टाकला होता. पडद्याकडेही बघायचा नाही. बघतात ते शिकाऊ, म्हणायचा, आणि डोळे छताला लावायचा.

शेजारच्या काकू दोन बोटांनी टाईप करत. "काकू, दाणे टिपून झाले असतील तर अंडं कधी देताय?" हे तो रोज विचारी, आणि सगळे रोज हसत. काकू चष्मा सावरत.

मुख्य टायपिस्टची जागा, तिच्या काचेच्या खोलीसकट, रिकामी झाली. साहेबांनी तोंडही उघडलं नव्हतं, तोवर बुलेटच्या बायकोने माहेरी फोन करून टाकला. जावई साहेब झाले, काचेच्या खोलीत बसणार, असं सासऱ्यांनी गल्लीभर सांगितलं. आता जागा हुकली तर सासरी पाऊल ठेवायची सोय नव्हती.

साहेबांची अट एकच. काचेच्या खोलीत, गिऱ्हाइकासमोर अर्ज टाईप करून दाखवायचा. तिथल्या मशीनच्या सेटिंगला हात लावायची मुभा कुणालाच नव्हती. बुलेट म्हणाला, "मशीन कुठलंही द्या साहेब, बोटं माझीच आहेत."

तिथेच त्याचा घात झाला.

समोरचे आजोबा सांगत गेले, बुलेट छताकडे बघत सुसाट. शेवटी सवयीने कंट्रोल-क्यू. पण या मशीनवर त्याचा अर्थ 'बंद कर' असा होता. जपून ठेवू का, असं पडद्याने विचारलंसुद्धा. पण बुलेटने न बघता मारलेली पुढची कळ नेमकी 'नको'ची निघाली.

"हं, पुढे आणखी काही घालायचंय?" तो छताला म्हणाला.

"पुढचं राहू द्या," आजोबा म्हणाले, "मागचं कुठे गेलं?"

दुसऱ्यांदा त्याने मनाला बजावलं. मनाने ऐकलं, बोटांनी नाही. पान पुन्हा कोरं. काचेबाहेर सगळं ऑफिस नाक लावून उभं होतं. आजोबांनी औषधाची वेळ झाल्याचं सांगून, बाहेरच्या त्या चष्मेवाल्या बाई रिकाम्या आहेत का, असं साहेबांना विचारलं. काकू आल्या, टिपत बसल्या, अर्ज छापून हातात दिला.

आठवड्याभरात काकू काचेच्या खोलीत गेल्या, आणि साहेबांच्या हुकमाने सगळी मशीनं तिथल्यासारखी झाली. बुलेट आता कीबोर्डवर वाकून एकेक कळ शोधायचा. एकदा जाता-जाता काकू थांबल्या, चष्मा सावरला आणि थेट त्याच्याच सुरात म्हणाल्या, "काय बुलेटराव, अंडं कधी?"

हसणं थांबेना, तेवढ्यात सासऱ्यांचा फोन. फोन कापायला गेलेलं बोट चुकलं आणि तो उचलला गेला.

"जावईबापू, गल्लीतले विचारतायत, तुमची ती काचेची खोली आहे तरी केवढी?"

आत काकू पाय पसरून बसल्या होत्या.

"बरीच मोठी आहे," तो म्हणाला.